घरबसल्या व्यापारविद्या

गुरूच्या सान्निध्यावांचून विद्या साधते कीं नाहीं, हा प्रश्न एकलव्याच्या कथेइतका जुना आहे. मातीच्या मूर्तीसमोर उभा राहून त्यानें धनुर्विद्या संपादन केली हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्याच्या हातीं धनुष्य होतें, भोंवतीं अरण्य होतें आणि अभ्यासांत एका दिवसाचाहि खंड नव्हता, ही गोष्ट कथा सांगणारे बहुधा विसरतात. आजच्या तरुणापुढें हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहतो. नोकरी सांभाळून, घर न सोडतां, आपल्या सवडीनें व्यवस्थापनशास्त्राची एम्. बी. ए. ही पदवी घ्यावी काय? वेळ तुमची, गति तुमची, पदवी मात्र विद्यापीठाची, असें आश्वासन त्याला मिळत असतें. या आश्वासनावर विसंबून कित्येकजण कित्येक वर्षांची शिल्लक फीमध्यें घालतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या पदरीं अखेर अर्धवट वाचलेल्या पुस्तकांचा गठ्ठाच येतो. हें आश्वासन नवें नाहीं. त्याला जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि निर्णय घेणाऱ्यास कोणत्याहि माहितीपत्रकापेक्षां तो इतिहास अधिक उपयोगी पडण्याजोगा आहे.

या इतिहासाचा आरंभ टपालाच्या तिकिटापासून करणें सोईचें आहे. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं कॅलेब फिलिप्स नांवाच्या शिक्षकानें १७२८ सालीं, लघुलेखनाचे धडे दर आठवड्यास पाठविण्याची जाहिरात वर्तमानपत्रांत दिली होती. परंतु त्या काळचें टपाल महाग आणि मंद असल्यामुळें असला उद्योग फोफावणें शक्य नव्हतें. इ. स. १८४० मध्यें इंग्लंडांत एक पेनीचें टपाल सुरू झालें आणि देशाच्या कोणत्याहि टोंकास पत्र सारख्याच दरानें जाऊं लागलें. त्याच वर्षीं बाथ येथील आयझॅक पिटमन यांनीं आपल्या लघुलेखनपद्धतीचे धडे टपालानें देण्यास प्रारंभ केला. शिकणाऱ्यानें बायबलांतील एखादा उतारा लघुलिपींत उतरवून पाठवावा, आणि तो तपासून, चुका दाखवून पुनः त्याच्याकडे धाडला जावा, असा क्रम होता. विद्यार्थ्यांची संख्या वाढली तेव्हां तपासणाऱ्यांची एक मंडळीच उभी करावी लागली. लिपीचा तक्ता बाजारांतहि विकत मिळाला असता. पण परत येणारें तपासलेलें पत्र बाजारांत मिळालें नसतें. आपलें लिहिणें कोणी तरी वाचणार आहे, या जाणिवेनें दिवसभर श्रमलेला कारकून रात्रीं दिव्याशीं बसून लिहीत असे.

लंडन विद्यापीठानें निराळा मार्ग धरला. १८३६ सालीं सनद मिळालेलें हें विद्यापीठ मुळांत परीक्षा घेणारें आणि पदव्या देणारें मंडळ होतें. शिकविण्याचें काम महाविद्यालयें करीत. १८५८ च्या सनदेनें, वैद्यकाखेरीज इतर विषयांपुरती, महाविद्यालयांत नांव घालण्याची अटहि काढून टाकण्यांत आली. कोठेंहि शिकावें, कसेंहि शिकावें आणि परीक्षेस बसावें, अशी मोकळीक झाली. १८७८ सालीं स्त्रियांसहि पदव्यांचें द्वार खुलें झालें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं याच लंडनच्या नमुन्यावर उभारलें गेलें होतें. मात्र पदवीच्या उमेदवारानें महाविद्यालयांत जावें हा दंडक येथें कायम राहिला. लंडनच्या या मोकळिकीमुळें गरीब शिक्षक, कारकून आणि दूरच्या वसाहतींत राहणारे लोक पदवीपर्यंत पोंचूं शकले, ही फार मोठी गोष्ट होय. परंतु विद्यापीठानें परीक्षा तेवढी ठेवून शिकविणें सोडून दिलें, तेव्हां ती उणीव भरून काढणारा एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला. विल्यम ब्रिग्ज यांनीं १८८७ सालीं केंब्रिज येथें टपालानें शिकविणारें महाविद्यालय स्थापिलें, आणि लंडनच्या परीक्षांस बसणारे हजारों उमेदवार त्याच्या आश्रयास आले. प्रसिद्ध ग्रंथकार एच्. जी. वेल्स यांनीं १८९० सालीं लंडनची बी. एस्सी. ही पदवी याच बाह्य मार्गानें मिळविली, आणि पुढें कांहीं काळ ब्रिग्ज यांच्याच संस्थेंत जीवशास्त्र शिकवून चरितार्थ चालविला. ज्यांना परीक्षेचें स्वातंत्र्य मिळालें होतें, त्यांनींच पदरचे पैसे देऊन मार्गदर्शक शोधला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें रूप पुनः बॉस्टन येथेंच दिसलें. ॲना एलियट टिकनॉर या विदुषींनीं १८७३ सालीं घरीं राहून अभ्यास करूं इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठीं एक मंडळ काढलें. इतिहास, वाङ्मय, शास्त्र, कला असे विषय त्यांत होते. पुस्तकें मंडळाच्या ग्रंथसंग्रहांतून टपालानें जात. शिकविणाऱ्या स्त्रिया स्वयंसेविका होत्या. विद्यार्थिनी आणि तिची मार्गदर्शिका यांमध्यें दर महिन्यास पत्रव्यवहार होई. या महिन्यांत काय वाचलें, कोणतीं टिपणें काढलीं, कोठें अडलें, हें सारें त्या पत्रांत येई. पदवी मिळावयाची नव्हती, नोकरीचें आमिष नव्हतें. तरी चोवीस वर्षांत सुमारें सात हजार स्त्रियांनीं या मंडळाचा लाभ घेतला. महिन्याच्या महिन्यास येणारें पत्र हीच त्या मंडळाची शाळा, आणि हेंच त्याचें घड्याळ होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शिक्षणानें पोटापाण्याच्या व्यवसायांत प्रवेश केला. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थान हें कोळशाच्या खाणींचें आगर. खाणींतील अपघात कमी व्हावे म्हणून तेथील कायद्यानें १८८५ सालीं खाणीवरील मुकादमास परीक्षा आवश्यक केली. जन्मभर कोळसा खणलेला मजूर ती परीक्षा कशी देणार? स्क्रॅन्टन येथें खाणकामाविषयींचें नियतकालिक चालविणारे टॉमस फॉस्टर यांनीं १८९१ पासून अशा लोकांसाठीं टपालानें पाठ देण्यास सुरुवात केली. जाडजूड ग्रंथांऐवजीं लहान लहान पुस्तिका, सोपी भाषा, आणि प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटीं सोडवून पाठवावयाचे प्रश्न, ही त्यांची रीत. थोड्याच वर्षांत विद्यार्थ्यांची संख्या कांहीं लाखांवर गेली. रेल्वेच्या कारखान्यांत यंत्रकाम करणाऱ्या वॉल्टर क्रायस्लर यांनींहि याच संस्थेचे यांत्रिकीचे पाठ घेतले होते. पुढें १९०८ सालीं त्यांनीं एक मोटार विकत घेतली ती चालविण्यापूर्वीं सुटी करून पुनः जोडण्यासाठीं. आणि १९२५ सालीं त्यांच्या नांवाची मोटारकंपनी उभी राहिली. पुस्तिकेंत वाचलेलें दुसऱ्या दिवशीं हातानें करून पाहावयास त्यांच्यापुढें कारखाना होता. मुकादमाच्या परीक्षेस बसणाऱ्या खाणमजुराचेंहि तसेंच. या पद्धतीच्या यशाची पहिली अट येथें स्पष्ट दिसते.

व्यापारविद्येचा विद्यापीठांत शिरकाव होण्याचाहि हाच काळ. फिलाडेल्फिया येथील व्हार्टन विद्यालय १८८१ मध्यें निघालें. हार्वर्ड विद्यापीठानें १९०८ सालीं व्यापारविद्यालय काढून एम्. बी. ए. ही पदवी देऊं केली. तेथें पुढें प्रत्यक्ष घडलेले व्यवहारप्रसंग वर्गापुढें मांडून त्यांवर वाद करण्याची पद्धति रूढ झाली. एखाद्या कारखानदारानें भाव उतरवावा कीं माल अडवून धरावा, या प्रश्नास एकच बरोबर उत्तर नसतें. चाळीस डोकीं चाळीस बाजूंनीं त्याचा विचार करतात, आणि त्या घर्षणांतून विद्यार्थ्याचा निर्णय घडतो. ही गोष्ट टपालाच्या पाकिटांत घालणें कठीण होतें. तरी प्रयत्न झाला. न्यूयॉर्क विद्यापीठांतील वाणिज्यशाखेचे प्रमुख जोसेफ फ्रेंच जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या नांवानें एक संस्था निघाली, आणि तिनें आधुनिक व्यापारावरील ग्रंथमाला व पाठ घरपोंच देण्यास आरंभ केला. ती पदवी देत नसे. तिचा ग्राहक बहुधा आधींच एखाद्या पेढीवर वा कारखान्यांत अधिकाराच्या जागीं असलेला मनुष्य असे. संध्याकाळीं वाचलेला जमाखर्चाचा वा विक्रीचा विचार तो दुसऱ्या सकाळीं आपल्या दप्तराशीं ताडून पाहूं शके.

या भरभराटीस एक काळी बाजूहि होती. कार्नेगी प्रतिष्ठानाच्या आश्रयानें जॉन नॉफ्सिंगर यांनीं टपालशाळांची पाहणी करून १९२६ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नांव नोंदविणाऱ्यांपैकीं शेवटच्या पाठापर्यंत जाणारे अगदीं थोडे. बहुतेकांचा उत्साह पहिल्या कांहीं पुस्तिकांतच संपे. फी मात्र बऱ्याच ठिकाणीं आगाऊ घेतलेली वा करारानें बांधलेली असे. ज्या शाळेस विद्यार्थी मध्येंच गळाल्यानें तोटा होत नाहीं, तिला त्यास टिकवून धरण्याची निकड वाटत नाहीं, हें उघड आहे. तिचा सारा भर नवीन ग्राहक मिळविणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांवर राहतो. अब्राहम फ्लेक्सनर यांनीं १९३० सालीं विद्यापीठांविषयीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत, मोठमोठीं विद्यापीठेंहि जाहिरातबाजी करून घरबसल्या शिक्षण विकूं लागलीं आहेत, यावर कडक टीका केली.

या अनुभवाचा पुरेपूर लाभ घेतला तो ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानें. हॅरोल्ड विल्सन यांनीं १९६३ सालीं मांडलेली आणि जेनी ली यांनीं नेटानें तडीस नेलेली ही कल्पना १९६९ च्या राजसनदेनें मूर्त झाली. १९७१ च्या जानेवारींत सुमारें चोवीस हजार विद्यार्थ्यांनीं अभ्यास सुरू केला. प्रवेशासाठीं पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील पाठांमुळें या विद्यापीठाचा बोलबाला झाला. परंतु त्याचें खरें बळ निराळ्या ठिकाणीं होतें. प्रत्येक विद्यार्थ्यास शिक्षक नेमलेला असे. स्वाध्याय ठरलेल्या तारखेस पोंचलाच पाहिजे, असा नियम असे. उन्हाळ्यांत अनेक विषयांच्या विद्यार्थ्यांस एक आठवडा एकत्र राहावें लागे. प्रवेश मुक्त, पण वेळापत्रक बद्ध, अशी ही रचना होती. याच विद्यापीठानें १९८३ सालीं व्यवस्थापनाची शाखा काढली, आणि वॉरिक विद्यापीठानें १९८६ सालीं दूरस्थ विद्यार्थ्यांसाठीं एम्. बी. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला.

एडिंबरो येथील हेरियट-वॉट विद्यापीठानें १९९० सालीं याच्या अगदीं उलट टोंकाचा प्रयोग केला. लंडनची १८५८ ची कल्पनाच त्यानें व्यापारविद्येस लावली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. विद्यार्थ्यानें एकेका विषयाची पुस्तकें विकत घ्यावीं, सवडीनें वाचावीं आणि तयारी झाली असें वाटेल तेव्हां परीक्षेस बसावें. सात आवश्यक आणि दोन ऐच्छिक अशा नऊ विषयांत उत्तीर्ण झाला कीं पदवी. मध्यें स्वाध्याय नाहींत, तारखा नाहींत, वर्ग नाहीं. समुद्रावर फिरणारा जहाजावरील अधिकारी, वाळवंटांतील तेलविहिरीवरचा अभियंता, वारंवार बदली होणारा बँकेचा मनुष्य, यांच्या दृष्टीनें ही सोय अमोल होती, कारण दुसरा कोणताच अभ्यासक्रम त्यांना शक्य नव्हता. परंतु ज्याच्या आयुष्यांत असली अडचण नाहीं, केवळ बंधन नको म्हणून जो या मार्गाकडे वळतो, त्याला परीक्षेचा दिवस स्वतःच ठरवावा लागतो; आणि स्वतः ठरविलेला दिवस पुढें ढकलण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं.

हिंदुस्थानांत वाणिज्यशिक्षणाचा पाया मुंबईस घातला गेला. सिडनम महाविद्यालय १९१३ सालीं निघालें. व्यवस्थापनशास्त्राच्या मोठ्या संस्था स्वातंत्र्यानंतरच्या: कलकत्ता व अहमदाबाद येथील संस्था १९६१ च्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. टपालानें पदवी देण्याचा उपक्रम दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं हातीं घेतला. हैदराबाद येथें १९८२ सालीं देशांतील पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें; १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि नाशिक येथें १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण यांच्या नांवाचें. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें १९८७ सालीं जे पहिले दोन अभ्यासक्रम काढले, त्यांतील एक व्यवस्थापनाचा होता. दोहोंस मिळून ४,५२८ विद्यार्थी आले. देशाच्या या सर्वांत मोठ्या मुक्त विद्यापीठाचा आरंभच व्यवस्थापनशिक्षणापासून व्हावा, यावरून नोकरदार वर्गाची भूक केवढी होती तें दिसतें. या विद्यापीठांनीं अभ्यासकेंद्रें, समंत्रक आणि स्वाध्याय यांची जोड दिली, ती ब्रिटनच्या अनुभवावरूनच.

एकविसाव्या शतकांत टपालाची जागा इंटरनेटनें घेतली. २०१२ च्या सुमारास नामांकित विद्यापीठांचीं व्याख्यानें जगांत कोणासहि फुकट ऐकतां येऊं लागलीं, तेव्हां आतां वर्गांची गरजच उरली नाहीं, असें भाकित पुष्कळांनीं केलें. प्रत्यक्षांत त्या प्रचंड अभ्यासक्रमांत नांव घालणाऱ्या शंभरांतून दहा जणहि बहुधा शेवटपर्यंत पोंचत नाहींत, असें संशोधकांस वारंवार आढळून आलें. १९२६ सालीं टपालशाळांत दिसलेली गोष्टच नव्या साधनांतून पुनः समोर आली. याउलट इलिनॉय विद्यापीठानें २०१६ सालीं सुरू केलेल्या एम्. बी. ए. मध्यें ठरलेल्या वेळीं भरणारे वर्ग, गटानें करावयाचें काम आणि तारखा यांचा समावेश होता. त्याला एवढा प्रतिसाद मिळाला कीं, विद्यापीठानें २०१९ सालीं आपला पूर्णवेळ निवासी एम्. बी. ए. अभ्यासक्रम बंद करण्याचें जाहीर केलें. अर्थात् अंतर हा या शिक्षणाचा शत्रु नव्हे. विद्यार्थी आणि शिक्षक हजारों कोस दूर असले तरी विद्या पोंचते. कोणी वाट पाहत नसेल, तर मात्र ती वाटेंत थांबते.

या इतिहासावरून निर्णय घेणाऱ्यानें स्वतःस कोणते प्रश्न विचारावे, हें आतां सांगतां येईल. पहिला प्रश्न हेतूचा. आहे त्याच व्यवसायांत वरची जागा हवी असेल, किंवा स्वतःचा धंदा अधिक डोळसपणें चालवावयाचा असेल, तर घरबसल्या घेतलेली पदवी पुष्कळ काम करते. परंतु व्यवसायच बदलावयाचा असेल, तर निवासी विद्यालयांत मिळणारे सहाध्यायी, त्यांच्या ओळखी आणि विद्यालयाच्या दारीं येऊन नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या या गोष्टींचें मोल विषयांच्या ज्ञानाहून कमी नसतें. आणि त्या घरीं येत नाहींत.

दुसरा प्रश्न कामाचा. वाचलेलें ताडून पाहावयास हातीं दप्तर, दुकान, कारखाना किंवा निदान माणसांची एक तुकडी आहे काय? नुकताच पदवीधर झालेला आणि कोठेंहि काम न केलेला तरुण भांडवल, विक्री आणि कर्मचारी यांविषयींचीं प्रकरणें पाठ करील. पण त्याला तीं अनुभवानें पटणार नाहींत. त्यानें दोन-तीन वर्षें आधीं नोकरी करावी, हेंच बरें.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि बहुतेकजण येथेंच फसतात. त्याची परीक्षा फी भरण्यापूर्वीं, अगदीं स्वस्तांत घेतां येते. जमाखर्चाचें वा अर्थशास्त्राचें एखादें प्रमाणभूत पुस्तक ग्रंथालयांतून आणावें आणि सलग सहा आठवडे रोज ठरलेल्या तासास बसून त्यांतील उदाहरणें सोडवावीं. घरांतील लग्नकार्य, कचेरींतील वर्षअखेर, मुलाचें आजारपण यांतून ज्याचा तो तास वांचला, त्यानें सवडीच्या अभ्यासक्रमाची वाट खुशाल धरावी. ज्याचा तास दुसऱ्याच आठवड्यांत हरवला, त्यानें स्वतःस आळशी म्हणवून घेण्याचें कारण नाहीं. त्यानें तारखा, शिक्षक आणि सोबती असलेला अभ्यासक्रम निवडावा, मग तो दूरस्थ असला तरी चालेल.

यापुढचे प्रश्न संस्थेस विचारावयाचे. पाठविलेलें उत्तर कोण तपासतो आणि किती दिवसांत परत येतें? फी विषयवार भरतां येते कीं एकरकमी, आणि मध्यें सोडल्यास परत काय मिळतें? नोंदलेल्यांपैकीं कितीजण पदवीपर्यंत पोंचले? हा शेवटचा आंकडा सांगण्यास जी संस्था टाळाटाळ करील, तिच्यापासून दूर राहावें. भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता त्या विशिष्ट अभ्यासक्रमास आणि त्या विशिष्ट वर्षास आहे कीं नाहीं, हें आयोगाच्याच यादींत पाहावें. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमींच्या पदवीशीं समकक्ष असल्याचें आयोगानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. तरीहि ज्या मालकाकडून बढती हवी, तो ही पदवी मानतो काय, हें त्यालाच आधीं विचारणें शहाणपणाचें ठरेल.

पिटमनच्या पहिल्या विद्यार्थ्यांपासून आजपर्यंत घरीं बसून शिकलेल्या माणसांनीं कारखाने चालविले, ग्रंथ लिहिले आणि संसाराचा गाडा ओढतां ओढतां पदव्याहि मिळविल्या. तेव्हां या मार्गास कमी लेखण्याचें कारण नाहीं. मात्र त्यांपैकीं प्रत्येकानें आपल्या दिवसांतील एक तास आधीं राखून ठेवला होता. तो तास आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, हें कोणतेंहि विद्यापीठ सांगूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानें फीचे पैसे भरण्यापूर्वीं पाहावयाचें असतें.